दफ्तर ते डेटाबेस : रांगेत अडकलेल्या अर्जांचा इतिहास

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस होते. सातवीतल्या एका मुलीचा अर्ज आम्ही शाळेच्या संगणकावर भरला, कागदपत्रे जोडली आणि 'सादर करा' दाबले. पडद्यावर ओळ आली : आपला अर्ज प्रक्रियेत आहे. सतरा दिवस तीच ओळ. मुलीचे वडील नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत. पाळी सुटली की ते शाळेच्या फाटकाशी येत आणि विचारत, "सर, ये प्रोसेसिंग कब पूरी होगी?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मुदत संपली आणि अर्ज बाद झाला.

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "सर, अर्ज हरवला नसावा. तो रांगेत असेल. ज्या यंत्राने तो उचलला, ते मध्येच बंद पडले असेल. अर्ज त्याच्याच नावावर अडकून राहिला." तेव्हापासून मी या रांगेविषयी वाचत आहे. वाचता वाचता लक्षात आले की ही गोष्ट जुनी आहे आणि तिचा एक मोठा अध्याय आपल्या खानदेशातच सुरू झाला.

सुरुवात शब्दापासून करू. आपली मुले पाठीवर घेतात ते 'दप्तर' म्हणजे फारसीतले 'दफ्तर', नोंदींची वही. सातव्या शतकात खलिफा हजरत उमर यांनी वेतन आणि अनुदान कोणाला किती द्यायचे याच्या नोंदवह्या सुरू केल्या. त्या व्यवस्थेला 'दीवान' म्हणत. हीच परंपरा सुलतानांबरोबर दख्खनमध्ये आली. इथल्या तापीकाठच्या थाळनेरला फारुकींची राजधानी होती, अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने जमीनमहसुलाची घडी बसवली. मराठ्यांनी ही दफ्तरव्यवस्था आपलीशी केली. फडणीस म्हणजे फर्दनवीस, चिटणीस म्हणजे चिठ्ठीनवीस. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद आजही कापडी रुमालांत बांधलेले आहेत.

दफ्तराला एक शहाणपण ठाऊक होते. अर्जदाराला दारात उभे ठेवून सगळे काम पुरे होत नाही. अर्ज घ्यायचा, नोंद करायची, पोच द्यायची आणि काम पुढच्या कारकुनाकडे सोपवायचे. संगणकाची 'टास्क क्यू' याहून वेगळे काही करत नाही. पडद्यावर पोच लगेच मिळते. खरे काम मागे, अनेक यंत्रांवर, सवडीने चालते.

आता टेंभली. शहादा तालुक्यातले हे गाव नंदुरबार जिल्ह्यात येते. १ जुलै १९९८ पर्यंत हा भाग आपल्या धुळे जिल्ह्यातच होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक इथे दिले गेले. समारंभाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्यामागची रांग कोणी पाहिली नाही.

गावातल्या केंद्रावर बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा, फोटो आणि नाव-पत्ता घेतला जाई. इंटरनेट असो वा नसो, लॅपटॉपवर या सगळ्याचे एक कुलूपबंद पाकीट तयार होई आणि नंतर माहिती केंद्राकडे पाठवले जाई. तिथे टप्पे होते : पाकीट उघडणे, तपासणे, ही व्यक्ती आधीच नोंदलेली नाही ना हे पाहणे, क्रमांक तयार करणे, पत्र छापणे. प्रत्येक नव्या माणसाची तुलना आधीच्या सगळ्यांशी करायची होती. आधी ६० कोटी लोक नोंदलेले असतील आणि एका दिवसात १० लाख नवे आले, तर तुलना होतात ६०० लाख कोटी. हे एका यंत्राचे काम नव्हे. त्यासाठी तीन वेगवेगळ्या जुळणी यंत्रणा ठेवल्या आणि त्यांच्यात काम वाटले गेले. टप्प्याटप्प्यांतली ने-आण 'रॅबिटएमक्यू' नावाचे रांगेचे सॉफ्टवेअर करी. नोंदी अनेक तुकड्यांत विभागलेल्या 'मायएसक्यूएल' डेटाबेसमध्ये असत. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. एप्रिल २०१६ मध्ये १०० कोटींचा टप्पा पार झाला.

अशी रांग साठवायची कशी, यावर सामान्य माणसाचे नशीब ठरते. पहिला निर्णय जागेचा. रांग केवळ संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवली तर काम वेगाने होते, पण वीज गेली की रांगही जाते. डिस्कवरच्या डेटाबेसमध्ये ठेवली तर वेग थोडा कमी होतो, पण नोंद टिकते. मोबाइलवरच्या सूचनेला पहिली रीत चालेल. शिष्यवृत्तीच्या अर्जाला दुसरीच हवी.

दुसरा निर्णय कुलपाचा. तो समजायला नरडाणा स्टेशनवर चला. आमचा सुरत-भुसावळ मार्ग अनेक दशके एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुन्या काळी रेल्वेत टोकन देत. ज्या चालकाच्या हाती टोकन, त्याचीच गाडी पुढे जाणार. डेटाबेसही तसेच करतो : एका यंत्राने काम उचलले की त्यावर कुलूप लागते, म्हणजे दुसरे यंत्र तेच काम पुन्हा करत नाही. बाकीच्यांनी थांबून न राहता कुलूप असलेली ओळ वगळून पुढची उचलावी, ही सोय पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये २०१६ साली आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली आली. पण टोकन घेऊन गाडी रानात बंद पडली तर? रेल्वेत गार्ड असतो, स्टेशनमास्तर चौकशी करतो. डेटाबेसमध्ये मुदत नेमून द्यावी लागते : इतक्या मिनिटांत काम झाले नाही तर ते पुन्हा रांगेत. ही मुदत कोणी नेमली नाही, तर अर्ज कायम 'प्रक्रियेत' राहतो. माझ्या विद्यार्थिनीचे बहुधा हेच झाले.

तिसरा निर्णय पुन्हा प्रयत्नाचा. काम फसले तर किती वेळा करून पाहायचे? आणि दोनदा झाले तरी पैसे दोनदा जाऊ नयेत, याची काळजी कशी घ्यायची? शेवटी जे होतच नाही, ते वेगळ्या तक्त्यात ठेवून एखाद्या माणसाने डोळ्यांनी पाहायला हवे. तो तक्ता रोज उघडणारा माणूस नेमलेला नसेल, तर तो तक्ता म्हणजे अडगळीची खोली.

चौथा निर्णय लिपीचा, आणि तो आपल्या समाजाला सर्वांत जास्त भोवतो. मायएसक्यूएलची मूळ मांडणी २०१८ पर्यंत युरोपीय अक्षरांसाठी होती. ती न बदलता देवनागरी किंवा उर्दू नाव साठवले तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उरू शकतात आणि त्यांतून मूळ नाव परत मिळत नाही. नुक्त्याचा घोळ आणखी बारीक. 'ज़' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. 'ज़ुबेदा' आणि 'जुबेदा' तर उघडच वेगळ्या. उर्दू रजिस्टरमधला एकच 'सय्यद' मराठीत सय्यद, सैयद, सैय्यद होतो आणि इंग्रजीत आणखी चार रूपे घेतो. यंत्राला ती सगळी वेगळी माणसे वाटतात. कागदपत्रांची धास्ती मनात असलेल्या घरात एका काना-मात्रेने झोप उडते, हे मी पालकसभेत पाहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले आहे की शाळाप्रवेशाला आधार सक्तीचे नाही आणि काही कारणाने आधार क्रमांक देता आला नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही. हे पालकांना माहीत असायला हवे. तंत्रज्ञानाला शिव्या देऊन काही साधत नाही. टेंभलीपासून १०० कोटींपर्यंतचा प्रवास लहान नव्हता. पण दफ्तर कोणाचेही असो, त्यात ठेवलेला अर्ज ही अमानत आहे. अमानत कुठे आहे, कोणाच्या हातात आहे, कधीपर्यंत, हे विचारणे आपला हक्क आहे.

त्या मुलीचा अर्ज यंदा आम्ही पहिल्याच आठवड्यात भरला. मी आता एक वही ठेवतो. एका रकान्यात नाव उर्दूत, दुसऱ्यात मराठीत, तिसऱ्यात इंग्रजीत, पुढे पोचक्रमांक आणि तारीख. दर शुक्रवारी वही उघडून 'प्रक्रियेत' असलेल्या ओळी तपासतो. तिचे वडील परवा फाटकाशी आले, तेव्हा मी ती वही त्यांच्या हातात दिली.