शांतताप्रक्रियेतील मध्यस्थ आणि आंतरराष्ट्रीय मानदंड

युद्ध करणाऱ्या पक्षांत समझोता घडवणे हे मध्यस्थाचे मूळ काम. शीतयुद्धानंतर त्याच्यावर आणखी एक जबाबदारी आली: मानवाधिकार, स्त्रियांचा सहभाग, पीडितांना न्याय या तत्त्वांना करारात जागा मिळवून देणे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. १३२५ने (३१ ऑक्टोबर २०००) स्त्रियांच्या सहभागाला अधिकृत आधार दिला.

या दोन कामांतला ताण सिएरा लिओनच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसतो. तेथे १९९१ पासून यादवी चालू होती. नागरिकांचे हात तोडण्यासाठी कुप्रसिद्ध असलेली बंडखोर संघटना आरयूएफ आणि सरकार यांच्यात ७ जुलै १९९९ रोजी टोगोतील लोमे येथे करार झाला. त्यातील नवव्या कलमाने बंडखोरांचा नेता फोडे सांको याच्यासह सर्व लढवय्यांना संपूर्ण माफी दिली. सांकोला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जाही मिळाला. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फ्रान्सिस ओकेलो यांनी सही करताना हाताने टीप लिहिली: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना ही माफी संयुक्त राष्ट्रे लागू मानत नाहीत. त्या क्षणी टिपेने काहीच बदलले नाही. माफी कायम राहिली आणि २००० च्या मे महिन्यात बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. मात्र त्या टिपेमुळे २००२ साली युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालय स्थापन करताना संयुक्त राष्ट्रांना स्वतःच्या सहीविरुद्ध जावे लागले नाही. माफीमुळे खटल्यांना बाध येत नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने २००४ मध्ये दिला. गुन्हेगारांना मोकळे सोडणाऱ्या करारावर मुकाट्याने सही न करणे हे लहान, पण आवश्यक कर्तव्य होते.

मध्यस्थांनी अशा माफीला पाठिंबा देऊ नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्टपणे नमूद आहे. तत्त्वांचा आग्रह ताणला तर वाटाघाटी मोडतील, हा आक्षेप खरा आहे; पण माणसे मरत असताना घाई करावी लागते, एवढ्यावरून पीडितांचा हक्क सोडून देण्याची मुभा मध्यस्थाला मिळत नाही.

मानदंड नेहमी मध्यस्थच आणतो असेही नाही. कोलंबिया सरकार आणि बंडखोर संघटना फार्क यांच्या हवानातील वाटाघाटींत मध्यस्थ नव्हता. नॉर्वे आणि क्यूबा केवळ हमीदार होते. कोलंबियातील स्त्रीसंघटनांनी सतत दबाव आणल्यानंतर २०१४ मध्ये लिंगभावविषयक उपसमिती नेमली गेली, आणि २०१६ च्या अंतिम करारात मानवतेविरुद्धचे गुन्हे माफीतून वगळण्यात आले.