हुक्का, गुडगुडी आणि चिलीम : संग्रहसंकोचाचा एक विचार

संग्रह कसा वाढवावा, याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. तो कमी कसा करावा, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. याचे कारण उघड आहे. संग्रह वाढतो तो हौसेने आणि कमी होतो तो अडचणीने. वाडा पडतो, भावाभावांत वाटण्या होतात, बिऱ्हाड शहरातील दोन खोल्यांत येते, आणि मग फडताळातील व माळ्यावरील वस्तूंपैकी कोणत्या ठेवावयाच्या हा प्रश्न चार दिवसांत सोडवावा लागतो. असा निर्णय घाईने होतो व त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. तथापि पुढील पिढीच्या इतिहासकाराला कोणता पुरावा मिळणार आणि कोणता मिळणार नाही, हे त्या चार दिवसांतच ठरून जाते. धूम्रपानाच्या साधनांच्या बाबतीत हा प्रश्न कसा उपस्थित होतो, हे बीड जिल्ह्याच्या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरेल.

बीडचा प्रदेश १७२४ नंतर आसफजाही सत्तेच्या प्रभावाखाली आला आणि मधल्या काळातील मराठ्यांशी झालेले झगडे जमेस धरूनही सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच राहिला. ज्या राक्षसभुवनाच्या लढाईत १७६३ मध्ये पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, ते गोदाकाठचे गाव याच जिल्ह्यातील होय. ऑगस्ट १९४९ मध्ये हैदराबाद राज्यातील जहागिऱ्या संपुष्टात आल्या, आणि जहागिरीच्या उत्पन्नावर चालणारे देवड्यांतील जीवनही त्याबरोबर ओसरू लागले. हुक्का ही त्या जीवनातील एक मध्यवर्ती वस्तू होती. तो भरणारा, पेटविणारा व धन्यामागे घेऊन जाणारा हुक्केबरदार हा स्वतंत्र नोकर असे. नोकर गेला, बैठक मोडली, विडी व सिगारेट घरोघर पोचली, आणि हुक्का कोपऱ्यात उभा राहिला. जी वस्तू वापरात नाही आणि जिची जागा मात्र मोठी आहे, ती विकण्याचा मोह प्रथम होतो. पितळी हुक्क्याला तर मोडीचा भावही येतो.

सार्वजनिक संग्रहालयापुढेही हा प्रश्न येतो. परंतु त्याचे स्वरूप निराळे असते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दैनंदिन वापरातील वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. अकाली निधन पावलेला पुत्र राजा याच्या स्मरणार्थ त्यांनी उभारलेले संग्रहालय १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यात आले. तेथील वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात असून त्यांपैकी सुमारे अडीच हजार वस्तूच प्रत्यक्ष मांडलेल्या असतात. म्हणजे आठांत एक. उरलेल्या सात वस्तू नष्ट होत नाहीत, त्या कोठारात राहतात. खासगी घराला असे कोठार नसते. तेथे न निवडणे म्हणजे टाकणे होय. म्हणून निवडीची जबाबदारी संग्रहालयाच्या प्रमुखापेक्षा घरमालकावर अधिक जड पडते, आणि तिची जाणीव मात्र त्याला क्वचितच असते.

निवड करताना प्रथम विचारावयाचे ते हे की, ही वस्तू एक आहे की अनेक? अकबराच्या दरबारी तंबाखूचा प्रवेश कसा झाला याचे वर्णन असदबेगाने केले आहे. विजापूरच्या आदिलशाही दरबाराकडील कामगिरीवरून १६०४–०५ च्या सुमारास परतताना त्याने तेथून तंबाखू नेली व बादशहास नजर करण्यासाठी एक मौल्यवान साधन सिद्ध केले. त्याची तीन हात लांब नळी अचीनची, मुखनळी यमनी अकीकाची, जाळपात्र सोन्याचे, आणि तंबाखू भरण्याची पानदानाची पिशवी आदिलशहाने दिलेली. दरबारी हकिमांनी हरकत घेतली. बादशहाने थोडेसे झुरके घेतले, पण सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र ती लावून घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने धूम्रपानास मनाई केली, तिचाही फारसा उपयोग झाला नाही. या हकीकतीतील महत्त्वाचा भाग असा की, एकाच साधनाचे अवयव सुमात्रा, अरबस्तान आणि दख्खन अशा तीन ठिकाणांहून आलेले आहेत. हुक्का ही एक वस्तू नसून एक जुळणी आहे.

या जुळणीचे सर्व भाग सारखे टिकत नाहीत. मातीची चिलीम फुटते. लाकडी नेचा किडतो. कापड व तार गुंडाळलेली लवचिक नळी कुजते. उरते ते पाण्याचे धातूचे भांडे. म्हणून ज्यास सामान्यतः हुक्क्यांचा संग्रह म्हटले जाते तो बहुधा हुक्क्यांच्या बुडांचा संग्रह असतो. विक्रीस किंवा प्रदर्शनास ठेवलेला ‘संपूर्ण’ हुक्का पुष्कळदा एकाचे बूड व दुसऱ्याचा नेचा असा जोडलेला आढळतो. तेव्हा मोडका, परंतु मूळचा नेचा आणि चकचकीत, परंतु पाचवे सहावे बूड यांत निवड करावयाची झाल्यास नेचा ठेवणे अधिक शहाणपणाचे. शोभेला तो कमी असेल. पण दुर्मिळ तोच आहे.

वस्तूंप्रमाणे शब्दांचाही येथे साक्षीपुरावा घेता येतो. ‘तंबाखू’ हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. ‘हुक्का’ हा मूळ अरबी शब्द लहान डबी किंवा पेटी या अर्थाचा. म्हणजे नाव भांड्याचे आहे, धुराचे नव्हे. ‘नेचा’ फारसी ‘नै’ म्हणजे बोरू, वेळू, यास लघुत्वदर्शक ‘चा’ प्रत्यय लागून झाला. ‘बाग’पासून ‘बगीचा’ झाला त्याच रीतीने. धातूच्या वा कोरीव लाकडाच्या नळीपूर्वी साधी वेळूची नळी होती, हे शब्दच सांगतो. ‘गुडगुडी’ हे ध्वन्यनुकारी नाव देशी असून ते पाण्याच्या आवाजावरून पडले. आणि सर्वांत बोलका शब्द आहे तो पश्चिम आशियातील ‘नारगिले’ हा. तुर्कस्तानात ज्या काचेच्या हुक्क्याला हे नाव आहे त्यात नारळाचा अंशही नसतो. तथापि शब्द फारसी ‘नारगील’ म्हणजे नारळ यावरून आलेला असून त्याचा संबंध थेट संस्कृत ‘नारिकेल’ शब्दाशी पोचतो. करवंटीत पाणी भरून तीत वेळूची नळी बसविलेली गरिबाची गुडगुडी या नावामागे उभी आहे. संग्रहांनी जी करवंटी टाकून दिली, ती भाषेने सांभाळून ठेवली.

बिदरी कामाच्या बुडांचा आकार पाहिला असता हाच धागा पुन्हा हाती येतो. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर कोरून बसविलेली चांदी, आणि नवसागर व बिदरच्या किल्ल्यातील माती यांच्या लेपाने आणलेला काळा रंग, ही या कामाची पद्धत सर्वश्रुत आहे. सतराव्या शतकातील बुडे सामान्यतः गोल असत व ती उभी राहण्यासाठी खाली चुंबळीसारखे कडे लागे. अठराव्या शतकात सपाट बुडाचा घंटाकृती आकार रूढ झाला. गोल आकाराचे नारळाशी असलेले साम्य सहज ध्यानात येण्याजोगे आहे. ज्या घरात अशी तीन बुडे आहेत तेथे सर्वांत सुबक ते ठेवावे असा मनाचा कल असतो. परंतु तिन्ही घंटाकृती असून दोन एकाच घडणीची असतील, तर ती दोन मिळून एकच साक्ष देतात. याउलट झिजलेल्या चांदीचे गोल बूड निराळ्या शतकाची साक्ष देते. अर्थात सौंदर्य हा पुरावाच नव्हे, असे मानणेही चुकीचे होईल. बिदरचा कारागीर हाही श्रमणारा माणूसच होता आणि त्याचे कसब उत्तम कामातच दिसते. म्हणून एक सुंदर वस्तू अवश्य ठेवावी. मात्र ती एकमेव कसोटी होऊ नये.

आता चिलमीकडे वळावयास हवे. कारण खरी हानी तेथे होते. कुंभाराने इतर भांड्यांबरोबर भाजलेली, बाजारात अल्प किमतीस मिळणारी, फुटली की उकिरड्यावर जाणारी ही वस्तू कोणी जमविण्याजोगी मानीत नाही. तिच्या आतील खडा, बुडाशी लावावयाची ओली छापी किंवा साफी, कनवटीची चंची, चकमक, गारगोटी व कापूस हा सर्व सरंजाम शेतकऱ्याच्या, मेंढपाळाच्या व गाडीवानाच्या रोजच्या जगण्याचा भाग होता. हुक्का एका धन्याचा. चिलीम एका हातातून दुसऱ्या हाती जाणारी. कोण कोणाच्या हातची चिलीम ओढतो आणि कोण ओढीत नाही, यात गावातील जातिव्यवहार स्पष्ट होत असे. केवळ हुक्के राहिले व चिलमी गेल्या, तर मराठवाड्यातील तंबाखूचा इतिहास हा देवड्यांचा इतिहास होऊन बसेल आणि बहुसंख्य ओढणारे त्यातून नाहीसे होतील.

मातीच्या क्षुद्र तुकड्यांतून काय निष्पन्न होऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील इंग्रज वसाहतींच्या उत्खननांत पांढऱ्या मातीच्या पाइपांच्या मोडक्या नळ्या हजारोंनी सापडतात. जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये त्या नळ्यांच्या भोकांचे व्यास मोजले आणि असे दाखविले की, सतराव्या शतकाच्या प्रारंभापासून अठराव्याच्या अखेरपर्यंत हे भोक क्रमाने लहान होत गेले. एक इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजल्यास सुमारे नऊ भागांपासून चार भागांपर्यंत. १९६२ मध्ये लुइस बिनफर्ड यांनी यावरून कालगणनेचे सूत्र मांडले. तेथील उत्खननकारांनी केवळ अखंड व नक्षीदार पाइप ठेवून तुकडे फेकले असते, तर ही कालगणना अशक्य होती. आपल्याकडील चिलमीला हे कोष्टक जसेच्या तसे लागू पडणार नाही. तिचे स्वतंत्र मापन झाले पाहिजे, आणि मापनासाठी प्रथम चिलमी शिल्लक राहिल्या पाहिजेत. शिवाय चिलमीच्या आतील कीट खरवडून ती स्वच्छ करणे हे पुराव्यास घातक आहे. ती तंबाखूची होती की गांजाची, हे रासायनिक परीक्षणाने ठरविण्यास तेच कीट उपयोगी पडते.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे विवेचन प्रत्यक्षात उतरविता येईल. अंबाजोगाईच्या एखाद्या वाड्यात या प्रकारच्या पंचवीस वस्तू आहेत व नव्या घरात पाचांनाच जागा आहे, असे समजू. पहिली जागा चिलमीला द्यावी. शक्य तर छापी, चंची व चकमकीसह, आणि ती कोणत्या गावच्या कुंभाराची हे घरात कोणास ठाऊक असेल तर ते लिहून. दुसरी जागा नारळी गुडगुडीला, करवंटीस चीर गेली असली तरी. तिसरी मूळच्या नेचाला. चौथी बिदरी बुडाला. अनेक असतील तर ज्यावर नाव कोरलेले, डाग दिलेला किंवा दुरुस्तीची खूण आहे त्याला. पाचवी जागा जिच्याविषयी घरातील एखादे वृद्ध माणूस काही निश्चित सांगू शकते अशा वस्तूसाठी मोकळी ठेवावी. ती कदाचित ब्रायर लाकडाचा विलायती पाइपही असेल. मोमिनाबाद या नावाने हे गाव हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होते, हे विसरता कामा नये.

उरलेल्या वीस वस्तू घराबाहेर जाण्यापूर्वी प्रत्येकीचे छायाचित्र, माप, वजन व तिच्या प्रत्येक भागाचे घरात बोलले जाणारे नाव नोंदवावे. एकाच भागाला मराठी बोलणाऱ्या घरात एक व दखनी बोलणाऱ्या घरात दुसरे नाव असण्याचा संभव बीडमध्ये मोठा आहे, आणि वस्तू गेल्यावर ती नावे विचारण्यास निमित्तही उरत नाही. त्यानंतर त्या प्रथम सार्वजनिक संग्रहालयास देऊ कराव्यात. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याच्या कक्षेत येतात. त्या परदेशी पाठविता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापारास परवाना लागतो. हस्तिदंती मुखनळीचा व्यवहार तर वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने निषिद्धच आहे.

संग्रह लहान झाला म्हणजे तो दरिद्री झाला असे नव्हे. पंचवीस मुक्या वस्तूंपेक्षा नाव, गाव व वापर यांसह राखलेल्या पाच वस्तू अभ्यासकास अधिक सांगतात. मात्र त्या पाचांत धन्याचा हुक्का असेल आणि तो ज्याने भरला त्याची चिलीम नसेल, तर निम्मीच हकीकत उरेल. आणि उरलेली निम्मी कोठे शोधावी, याचा पत्ता त्या वाड्यात पुन्हा कोणास सापडणार नाही.