वाद एक, न्यायालये अनेक : ताईमहाराज प्रकरण

देवळासाठी वर्गणी देणारा माणूस कधी ना कधी विचारतोच, की उद्या हिशेबावरून वा पंचांवरून तंटा झाला तर दाद कोठे मागायची? हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. लोकमान्य टिळकांची जवळजवळ एकोणीस वर्षे त्यात गेली.

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्युपत्राने त्यांनी टिळक, आपल्या विदर्भातील अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले होते. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते, तरी मित्राला दिलेला शब्द त्यांनी पाळला. पुढे जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तकविधान झाले. विधवा ताईमहाराजांनी ते नाकारले आणि ऑगस्टात कोल्हापुरास बाळामहाराजांना दत्तक घेतले.

घोळ येथूनच वाढला. औरंगाबाद निजामाच्या राज्यात, पुणे इंग्रजी अमलात आणि कोल्हापूर स्वतंत्र संस्थान. इस्टेट पुण्याकडे होती, तशी कोल्हापुरातही होती. ताईमहाराजांनी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज दिला. अर्ज प्रोबेटचा, पण न्यायाधीश ॲस्टन यांनी चौकशी केली ती दत्तकाच्या खरेखोटेपणाची! १९०२ साली त्यांनी प्रोबेट रद्द करून टिळकांना फौजदारीकडे धाडले. हायकोर्टाने प्रोबेटचा हुकूम फिरवला, तरी फौजदारी खटला चाललाच. १९०३ मध्ये टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडले.

दत्तकाचा खरा निवाडा दिवाणी दाव्यातच व्हायचा होता. १९०६ साली पुण्यास तो टिळकांच्या बाजूने लागला, १९१० साली हायकोर्टात उलटला. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेर मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तकविधान खरे ठरवले. परंतु लंडनचा हुकूम कोल्हापूर दरबारावर चालत नव्हता. जुलै १९२० मध्ये याच प्रकरणाच्या कामास टिळक मुंबईस आले, सरदारगृहात आजारी पडले आणि १ ऑगस्टला गेले.

आज संस्थाने नाहीत. कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे स्थावर मिळकतीचा दावा मिळकत जेथे असेल तेथील न्यायालयात. त्याच पक्षांमध्ये त्याच वादाचा दुसरा दावा नंतर कोणी घातला, तर कलम १० प्रमाणे तो थांबतो. मात्र परकीय न्यायालयातील दाव्यामुळे इथला दावा थांबत नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे.

देवस्थानांचे दार निराळे. भंडारा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता तेव्हा १९५१ च्या कायद्याने न्यासांची नोंदणी कलेक्टरकडे असे. विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर पुढे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा येथे लागू झाला. देवस्थान सार्वजनिक न्यास आहे काय, विश्वस्त कोण, हे धर्मादाय अधिकारी ठरवतात. तेथे दिवाणी न्यायालयाला कलम ८० ची मनाई आहे. लाखांदूरकरांना त्यासाठी भंडाऱ्याच्या न्यास नोंदणी कार्यालयात जावे लागते. शेजाऱ्याने देवळाच्या जागेत भिंत घातली, तर तो नेहमीचा दिवाणी वाद. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावयाचा असतो आणि बहुतेक गावी नेमके तेच राहून जाते.