लगुनाची फारखत

बरेच दिवस इकडे फिरकले नव्हते. विषय नव्हता असं नाही, कंटाळा होता. पण गेल्या महिन्यात लॉस बान्योसहून निरोप आला की आते गेली, आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. तर आज लिहूनच टाकते.

नातेवाईक मंडळींनो, दचकू नका. ही आते म्हणजे आपली आत्या नव्हे. फिलिपिन्समध्ये तागालोग भाषेत मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजोळच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटलं होतं!

मनिलाच्या दक्षिणेला लगुना नावाचा प्रांत आहे. एका बाजूला समुद्रासारखं पसरलेलं तळं, दुसऱ्या बाजूला माकिलिंगचा डोंगर, मध्ये भातशेती. तिथल्या लॉस बान्योस गावात १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, म्हणजे 'इरी', सुरू झाली. आमच्या यांना तिथे काम मिळालं आणि २००५ ते २००८ अशी तीन वर्षं आम्ही आतेच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. खाली तिचं किराण्याचं छोटं दुकान. शाम्पूच्या पुड्या, सुटी सिगारेट, तेल, मीठ. दुकानात पाटी होती: आज उधार नाही, उद्या चालेल. वाचून मी मोठ्याने हसले. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याची पाटी समुद्र ओलांडून इथे कशी आली? आणि वाण्यासारखीच पाटीखाली उधारीची वहीही होती, चांगली जाडजूड.

आमचं नाव गल्लीत कुणी कधी घेतलं नाही. आम्ही 'बुंबाय'. तिकडे सगळेच भारतीय बुंबाय. मोठ्या कांद्यालाही तेच नाव. आम्ही खरोखरच मुंबईचे (म्हणजे डोंबिवलीचे, पण तिकडे कोण विचारतंय) याचं कुणाला काही कौतुक नव्हतं. मोटरसायकलवरून फिरून 'फाइव्ह-सिक्स'ने पैसे देणारा, बहुतेक करून पंजाबी सावकार, हा त्यांच्या ओळखीचा बुंबाय. पाच घ्यायचे, सहा परत करायचे, रोज थोडे थोडे. २०१७ साली तिथले तेव्हाचे अध्यक्ष दुतेर्ते यांनी या धंद्याविरुद्ध बडगा उगारला होता. आमच्या काळात मात्र आम्ही रस्त्याने गेलो की एखादी बाई थट्टेने पदराआड लपल्यासारखं करायची आणि म्हणायची, आज नाहीत हो पैसे!

म्हणजे लगुनात पाऊल ठेवल्यापासून आमची ओळखच मुळी कर्जाशी जोडलेली. मग कळलं की हे नातं आमच्या कल्पनेपेक्षा बरंच जुनं आहे.

१९८९ साली याच प्रांतात, लुंबान गावाजवळ नदीच्या मुखाशी वाळू काढताना एका माणसाला तांब्याचा पातळ, काळवंडलेला पत्रा सापडला. वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा. तो आधी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेला आणि मग मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात. अंतून पोस्तमा या डच अभ्यासकाने तो वाचला. लिपी जावा बेटावरची कावी, भाषा जुनी मलय, आणि त्यात संस्कृत शब्दांची रेलचेल. तारीख काय असावी? शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार! म्हणजे इसवी सन ९००, २१ एप्रिल. मी ती प्रतिकृतीखालची माहिती वाचली आणि ह्यांना म्हटलं, अहो, संकष्टी आहे ही! आपल्याकडे तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि त्यांचे ताम्रपटही शकातच लिहिले जात होते. स्पॅनिश लोक फिलिपिन्सला पोचायला अजून सहाशेहून जास्त वर्षं होती.

आपल्याकडचे ताम्रपट बहुतेक दानाचे. अमक्या राजाने तमक्या ब्राह्मणाला गाव दिलं वगैरे. लगुनाचा ताम्रपट वेगळा आहे. तो चक्क फारखत आहे. नामवरान नावाच्या कुणा प्रतिष्ठिताचं कर्ज होतं, एक काटी आणि आठ सुवर्ण, म्हणजे जवळजवळ किलोभर सोनं. त्याची मुलगी अंगकातान आणि तिचा भाऊ बुका यांना त्या कर्जातून मोकळं केल्याचं हे पत्र. तोंडोचा सेनापती (हो, हाच शब्द!) ते देतोय, आणि साक्षीला आजूबाजूच्या गावांचे प्रमुख आहेत. बापाचं कर्ज पोरांच्याच नव्हे, सगळ्या कुळाच्या मानेवर बसत असणार. म्हणून तर सुटका तांब्यावर कोरून घ्यावी लागली. शेवटी लिहिलंय की पुढेमागे कुणी जर म्हणालं की हे कर्ज फिटलेलं नाही, तर... आणि तिथेच पत्रा संपतो. वाक्य अर्धंच. त्या माणसाचं काय करायचं ते कळत नाही.

हे वाचून मला वाटलं होतं, चला, म्हणजे इथल्या माणसाला कर्जातून सुटायचंच असतं. आपल्यासारखंच. इथे मी चुकले.

तागालोगमध्ये कर्जाला 'उतांग' म्हणतात. पण 'उतांग ना लोओब' म्हणून आणखी एक प्रकार आहे. लोओब म्हणजे आतलं. आतलं ऋण. दुकानातली उधारी फेडायची असते. हे फेडून संपवायचं नसतं, वागवायचं असतं. आपल्याकडे गॅदरिंगला पाहुणे म्हणतात ना, "आभार मानून मोकळा होणार नाही, ऋणातच राहणं पसंत करीन"? मी आयुष्यभर त्या वाक्याला हसत आले. तिकडे ते वाक्य लोक जगतात. (त्याची वाईट बाजूही आहे, उगाच गोडवे गात नाही. कुणाच्या बापाच्या आजारपणात मदत करून पुढारी त्या घराची मतं पिढ्यानपिढ्या खिशात घालतात. 'नाही' म्हणणारा निर्लज्ज ठरतो.)

भातशेतीतही हाच धागा सापडतो. लगुनात जुनी रीत होती, तिला 'हुनुसान' म्हणत. कापणीला गावातला कुणीही यावा, कापावं, झोडावं आणि कापलेल्याचा सहावा हिस्सा न्यावा. आपल्याकडे खळ्यावर बलुतं दिलं जायचं, त्याचीच आठवण यावी. मग १९६६ मध्ये इरीचं आयआर-८ हे वाण आलं आणि पीक वाढलं. आता सहावा हिस्सा कापणीच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त होऊ लागला. शेतकऱ्याने काय करावं? हिस्सा आठवा करून टाकावा, असं आपण म्हणू. पण तसं केलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून 'गामा' नावाची पद्धत पसरली: हिस्सा सहावाच, पण जो आधी फुकट बेणणी करील त्यालाच कापणीचा हक्क. हायामी आणि किकुची या दोन जपानी अर्थतज्ज्ञांनी लगुनाच्या एका गावात बसून याचा हिशेब मांडला (त्यांचं पुस्तक १९८१ चं). बेणणीची मजुरी धरली तर सहावा हिस्सा बाजारभावाला जवळपास बरोबर बसतो! म्हणजे हिशेब सगळ्यांना कळत होता, फक्त तो तोंडावर मांडायचा नव्हता. पण कापणीला कुणीही यावं, ही मोकळीक मात्र गेली, आणि ज्यांना कुणी बेणणीला घेतलं नाही त्यांचं काय झालं, हा प्रश्न मला हिस्सा टिकल्याच्या कौतुकापेक्षा मोठा वाटतो.

आता आतेकडे येते.

२८ सप्टेंबर २००६. 'मिलेन्यो' नावाचं चक्रीवादळ लगुनावरून गेलं. हे परगावी होते, लेक आठ महिन्यांची. दुपारी आमच्या डोक्यावरचे पत्रे एकेक करून उडाले. आते जिन्याने वर आली, लेकीला माझ्या हातातून काढून घेतलं आणि खाली गेली, मी मागोमाग. पुढचे दहा-बारा दिवस वीज नाही. एका खोलीत आम्ही आठ माणसं. ती मेणबत्तीच्या उजेडात दुकान चालवायची आणि वहीत लिहायची. त्या दिवसांत तिने कुणालाही नाही म्हटलं नाही. तिची 'पालुवागान' म्हणजे आपली भिशी त्याच महिन्यात लागली होती. ते पैसे तिने मुलीच्या कॉलेजसाठी धरले होते. त्यातून पत्रे आले. हे मला दोन वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं.

निघताना मी काय करावं? बसून हिशेब केला. पत्रे, मजुरी, बारा दिवसांचं जेवण. त्यावर थोडे जास्त घालून पाकीट तिच्या हातात दिलं. तिने उघडलं, मोजलं नाही. नुसतं विचारलं, "म्हणजे आपलं संपलं?" मला तेव्हा भाषा नीट येत नाही असं वाटलं, म्हणून मी हसून हो म्हणाले. हो म्हणाले!

दुसऱ्या दिवशी निरोपाला ती आली तेव्हा लेकीसाठी सोन्याच्या इवल्या रिंगा घेऊन आली. पाकिटातल्या पैशांतूनच आल्या असणार, दुसरीकडून येणं शक्यच नव्हतं. रिंगा कानात घातल्या, पापा घेतला आणि दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून निघून गेली. आता त्या लेकीला होत नाहीत; डबीत आहेत.

तिकडे माणूस गेलं की मयताच्या घरी कित्येक रात्री जाग असते. येणारा जमेल तेवढे पैसे देतो, त्याला 'आबुलोय' म्हणतात, आणि कुणी किती दिले ते वहीत लिहून ठेवतात. उद्या त्याच्या घरी जायचं असतं ना. मी आतेच्या मुलीला विचारलं, इतक्या लांबून पाठवले तर चालतील का? ती म्हणाली, का नाही चालणार.

परवा तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मधेच कुठेतरी आम्ही आहोत: 'बुंबाय, वरचे'. पुढे रक्कम. आमच्या वर कुणी शिक्षिका आहे, आणि खाली मासेवाला, पन्नास पेसो.