उतरती मात्रा

जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत जे शिलालेख आहेत, त्यांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार ह्यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. श्रेणी म्हणजे त्या काळची धंदेवाल्यांची संघटना. नाणेघाटातून कोकणातला माल वर येई, जकात देई आणि जुन्नरच्या पेठेत उतरे. परंतु तो माल ज्यांनी चढवला-उतरवला, त्या हमालांची श्रेणी काही आम्हांला कोठल्या लेखात आढळली नाही. त्यांच्या खांद्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

आम्ही हे सांगतो ते उगाच नव्हे. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके गेली शंभर-सव्वाशे वर्षे मुंबईला खांदे पुरवीत आले आहेत. गिरणीत, गोदीत, भाजीबाजारात, डबेवाल्यांच्या पाट्यांखाली इकडचीच माणसे. म्हातारपणी ती घोडेगावला, मंचरला, ओतूरला परत येतात, आणि एखाद्या सकाळी खांदा धरला की घरचे म्हणतात, ओझ्याने खांदा गेला. आम्हीही तेच म्हणालो. तरुणपणी आम्ही पोती वाहिली आहेत. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी दोन्ही हात डोक्यापर्यंत जाईनात, सदरा घालायला घरच्यांची मदत लागू लागली, बिछान्यातून उठताना कंबर-मांड्या लाकडासारख्या. दहा वाजले की अंग मोकळे होई आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. संघटनेचा माणूस असल्यामुळे आमच्या मनात पहिला विचार आला तो नुकसानभरपाईच्या अर्जाचा! तो अर्ज केला असता तर खोटा ठरला असता. कारण हे दुखणे ओझ्याचे नव्हते.

ह्या रोगाला पॉलिमायाल्जिया ऱ्हूमॅटिका म्हणतात. तो पन्नाशीच्या पुढेच गाठतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. ज्याने जन्मात पोते उचलले नाही त्या कारकुनालाही तो होतो. ओझ्याने बहुधा एकच खांदा जातो आणि काम केले की दुखतो. हा दोन्ही खांदे एकदम धरतो, आणि विश्रांतीनंतर, पहाटे, अधिक छळतो. स्कॉटलंडमधील विल्यम ब्रूस नावाच्या डॉक्टरने 1888 साली पाच वृद्ध रोग्यांचे वर्णन करून त्याला म्हातारपणाचा वात अशा अर्थाचे नाव दिले. पुढे सत्तर वर्षे ज्याने त्याने आपापले नाव ठेवले. आजचे नाव 1957 मध्ये इंग्लंडातील बक्स्टन येथील डॉक्टर स्टुअर्ट बार्बर ह्यांच्या लेखाने रूढ झाले. तोपर्यंत किती म्हातारी माणसे ‘वय झाले’ ह्या दोन शब्दांवर घरी पाठवली गेली असतील, ह्याचा हिशेब कोण देणार?

औषधाची कथा मात्र निराळ्या वाटेने आली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्यांना 1929 साली दिसले की, कावीळ झालेल्या एका संधिवाताच्या रोग्याचे सांधे कावीळ असेपर्यंत दुखेनासे झाले. बाळंतपणाआधी गरोदर स्त्रियांचेही तसेच होई. शरीर स्वतःच काही तरी औषध तयार करीत असले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल हे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळे करीत होते. त्यांतले एक द्रव्य पुढे बैलांच्या पित्तापासून महत्प्रयासाने बनवण्यात आले, आणि 21 सप्टेंबर 1948 रोजी ते 29 वर्षांच्या एका जखडलेल्या स्त्रीला टोचले. आठवड्याभरात ती बाजारात खरेदीला गेली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिझोन. 1950 साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन ह्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. (आमच्या लोकांसाठी एक योगायोग नोंदवून ठेवतो: कामगार राज्य विमा कायदाही 1948 सालचाच. औषध आणि ते मिळण्याचा हक्क एकाच वर्षी जन्मले, पण हक्क सावकाश चालला.)

वर्तमानपत्रांनी चमत्कार, चमत्कार असा गजर केला. परंतु टोचणी थांबली की दुखणे परत येई, आणि चालू ठेवली की तोंड सुजे, हाडे ठिसूळ होत, रक्तातली साखर चढे. त्याहून मोठा धोका 1952 साली छापून आला. कॉर्टिझोन घेत असलेला एक तरुण रोगी, शस्त्रक्रियेआधी औषध थांबवल्यामुळे, शस्त्रक्रियेनंतर दगावला. शवचिकित्सेत त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. बाहेरून तयार माल येऊ लागला की कारखाना बंद पडतो, हे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. बंद पडलेला कारखाना एका दिवसात चालू होत नाही. म्हणून ह्या औषधाची मात्रा उतरती ठेवतात. घाट चढताना दम लागतो, पण गुडघे जातात ते उतरताना.

एवढे औषध कोठून आणायचे हाही प्रश्न होता. बैलाच्या पित्ताने जगाची गरज भागेना. मेक्सिकोच्या जंगलातील एका रानकंदात ह्याच्या जवळचे द्रव्य सापडले, आणि 1952 मध्ये अमेरिकेतील एका कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एका बुरशीकडून मधला अवघड टप्पा करून घेतला. तेव्हा भाव कोसळला. तो कंद खणून आणणारे गरीब खेडूत होते. भीमाशंकरच्या आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करणारे आपले महादेव कोळी बांधव आठवले की, जगभर औषधाचा पहिला कामगार जंगलातच असतो असे आम्हांला वाटते, आणि भाव ठरतो तेथे तो नसतो. 1955 पासून प्रेड्निसोन आणि त्याच्या जोडीचे प्रेड्निसोलोन आले. आज ह्या गोळ्या फार स्वस्त आहेत. ह्या स्वस्ताईचे दुसरे टोक म्हणजे पुडीवाला. नाव नसलेल्या पुडीत हेच औषध कुटून घातलेले असते; गुण दोन दिवसांत येतो, आणि पुडी संपली की माणूस कोलमडतो, कारण काय थांबले हे त्यालाच ठाऊक नसते.

आमची चूक पुडीची नव्हती, उतावीळपणाची होती. पंधरा मिलिग्रॅमवर तीन दिवसांत आमचे हात वर गेले. पुढे मात्रा उतरत उतरत पाचावर आली तेव्हा आम्ही मनाशी म्हटले, आता बरे आहोत; आणि कोणाला न विचारता गोळी सोडली. महिन्याच्या आत खांदे पुन्हा जखडले. ह्या रोगात अर्ध्याच्या आसपास रोग्यांना असा परतीचा झटका येतो, हे आम्हांला नंतर कळले. शिवाय मात्रा कमी होताना जे दुखते ते सगळेच रोगाचे नसते. ग्रंथी अजून जाग्या झाल्या नसतील तर थकवा, मळमळ, घेरी येते. गुडघ्यांची झीज औषधाखाली झाकलेली असते ती उघडी पडते. आणि पुणे जिल्ह्यात चिकुनगुन्याही सांधे धरतोच. म्हणून रक्तपेशी किती वेगाने तळाशी बसतात ती तपासणी आणि सीआरपी पाहून डॉक्टर ठरवतात.

2015 साली युरोप-अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी मिळून जी रीत घालून दिली ती अशी: साडेबारा ते पंचवीस मिलिग्रॅमपासून सुरुवात, एक-दोन महिन्यांत दहावर, मग दर चार आठवड्यांना एक मिलिग्रॅम खाली. झटका परतला तर ज्या पायरीवर बरे होतो त्या पायरीवर परत जायचे, एकदम वर नव्हे, आणि पुन्हा हळूहळू उतरायचे. वारंवार परतणाऱ्यास मेथोट्रेक्सेट जोडतात. 2023 मध्ये अमेरिकेत सारिलुमॅब हे इंजेक्शन खास अशा परतणाऱ्या रोग्यांसाठी मंजूर झाले. त्याची किंमत हमालाने विचारण्यासारखी नाही. साखर, रक्तदाब, हाडे ह्यांवर नजर ठेवावी लागते, आणि आपल्या देशात अंगात दबून राहिलेला क्षयही स्टेरॉइडने जागा होतो, हे विसरता कामा नये. ह्या रोगाच्या सोबत्याला मात्र वेळ द्यायचा नसतो: नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे, डोळ्यापुढे अंधारी. त्यात डोक्याच्या रक्तवाहिन्या सुजतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. बसची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

आम्ही परत साडेसातावर गेलो. सभासद-वर्गणीची एक जुनी वही होती, तिच्या कोऱ्या पानांवर तारीख, गोळी, आणि सकाळी सदरा किती वाजता घालता आला एवढे तीन रकाने आखले. मागच्या पावसाळ्यात चारावर असताना आठ दिवस दुखले. तपासणी केली, रक्त ठीक निघाले, आणि डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही. सध्या तीनवर आहोत. सदरा सात वाजता.