मानव-संगणक आंतरक्रियेचे विद्यापीठीय अध्ययन आणि मराठी कळफलकाचा इतिहास : शहाड-कल्याण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकाच्या प्रसाराबरोबर दोन स्वतंत्र प्रकारची अध्ययने विकसित झाली. पहिल्या प्रकारात माणूस संगणक शिकतो. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने हे शिक्षण गावोगावी पोहोचविले. दुसऱ्या प्रकारात माणसाच्या सवयी, भाषा, स्मरणशक्ती आणि हातांच्या हालचाली यांचा अभ्यास करून त्यानुसार संगणक घडविला जातो. या दुसऱ्या अध्ययनास मानव-संगणक आंतरक्रिया असे म्हणतात. आपल्या विद्यापीठांत ही ज्ञानशाखा सामान्यतः अभियांत्रिकीचा विषय मानली जाते. मात्र महाराष्ट्रातील तिच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा लिपी व भाषा यांच्या अभ्यासातून आला आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ज्ञानशाखेची घडण

डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९८२ मध्ये अमेरिकेत या विषयाच्या अभ्यासकांचा स्वतंत्र गट स्थापन झाला. त्यानंतर १९८३ मध्ये कार्ड, मोरन व न्यूवेल यांच्या ग्रंथाने विषयाला मानसशास्त्राची बैठक दिली, तर १९९२ मध्ये विद्यापीठांसाठी आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्र, मानसशास्त्र आणि अभिकल्प यांचा संगम हे या शाखेचे आरंभापासूनचे वैशिष्ट्य होय.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

आपल्याकडे या शाखेचे नाव रूढ होण्यापूर्वीच तिचे प्रश्न उपस्थित झाले होते. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीच्या टंकलेखन यंत्रांचे उत्पादन सुरू केले. देवनागरी टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या आणि अक्षररूपे अनेक, अशी अडचण होती. त्यामुळे अक्षरांचे तुकडे करून ते कागदावर जोडावे लागत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, परंतु टंकलेखकास ती आधी उमटवावी लागे. म्हणजेच त्याला ध्वनी बाजूला ठेवून आकारांच्या क्रमाने विचार करावा लागत असे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६१ मध्ये एस. व्ही. भागवत यांचा मराठी स्वनिमांच्या वारंवारितेवरील अभ्यास प्रसिद्ध केला. वेगाने लिहिता येईल अशी लिपी तयार करणे हा त्यामागील हेतू होता. कोणता ध्वनी किती वेळा येतो, हा प्रश्न पुढे कळफलकाच्या रचनेतही मूलभूत ठरला.

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना १९८८ मध्ये झाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांविषयीचे काम या केंद्रात पुढे वाढले. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात इनस्क्रिप्ट कळफलकाचाही समावेश होता. या मांडणीत स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला असून टंकन उच्चाराच्या क्रमाने होते. टंकलेखन यंत्राने मोडलेला ध्वनिक्रम येथे पुन्हा जुळला. तथापि यंत्रावर हात बसलेल्या कर्मचाऱ्यांना हीच मांडणी परकी वाटणे स्वाभाविक होते. शास्त्रीय रचना आणि अंगवळणी पडलेली सवय यांतील हा संघर्ष म्हणजे मानव-संगणक आंतरक्रियेचा मूळ विषय होय.

पवई येथील अध्ययन

मुंबई आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र (आयडीसी) स्थापन झाले. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तेथे अध्यापन केले. पुढे त्यांनीच मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडविला. संगणकाच्या पडद्यावरील मराठी अक्षर असे एका सुलेखनकाराच्या हातून आले, ही बाब मानव्यविद्यांच्या अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

याच केंद्रातील प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत 'कीलेख' हा कळफलक मांडला. त्यातील कळा वर्णमालेच्या वर्गांनुसार लावल्या होत्या. पुढे २०१३ मध्ये भ्रमणध्वनीसाठी 'स्वरचक्र' आले. व्यंजनावर बोट ठेवताच त्याच्या भोवती स्वरचिन्हांसह त्याची रूपे वर्तुळात दिसतात. शाळेत पाठ केलेली बाराखडीच येथे यंत्राची रचना ठरली. वापरणाऱ्याला जे आधीपासून ठाऊक आहे त्यावर यंत्र उभारावे, या तत्त्वाचे हे उत्तम उदाहरण होय. या शाखेची 'इंटरॅक्ट' ही आंतरराष्ट्रीय परिषद २०१७ मध्ये मुंबईत भरली.

शहाड-कल्याण परिसर व पुढील दिशा

कल्याणनंतर कसाऱ्याच्या बाजूचे पहिले स्थानक म्हणजे शहाड. येथून लोकलने कांजूरमार्गला उतरून पवई गाठता येते, परंतु ज्ञानशाखांमधील अंतर याहून मोठे आहे. मुंबई विद्यापीठाच्या २०१२ च्या सुधारित अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला 'ह्यूमन मशीन इंटरॅक्शन' हा विषय होता. तो अभियांत्रिकीच्या वर्गात शिकविला जात असताना भाषाविभाग त्यापासून दूर राहिले.

वास्तविक या परिसरातच संशोधनास विपुल सामग्री आहे. शहाडला लागून असलेल्या कल्याण छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे वसलेल्या निर्वासितांची सिंधी भाषा अरबी व देवनागरी अशा दोन लिप्यांत लिहिली जाते. देवनागरी सिंधीसाठी आवश्यक असलेली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे युनिकोडमध्ये २००६ साली समाविष्ट झाली. मराठीचा 'ॲ' त्यात २००८ मध्ये आला. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी त्यात होती. तरीही या अक्षरांना इतका काळ थांबावे लागले. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेद मराठीच्या अध्यापकास सहज कळतो. यंत्राने तो पाळला नाही, तर विद्वानाचा स्वयंपाकी होतो. अशा उणिवा हेरण्यास भाषेचा जाणकारच लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, मराठीपुरता विचार केल्यास मानव-संगणक आंतरक्रियेच्या इतिहासात ध्वनींची गणना करणारे, अक्षरे रेखाटणारे आणि बाराखडीची शक्ती ओळखणारे अभ्यासक अग्रभागी आहेत. म्हणून कला व विज्ञान शाखांच्या महाविद्यालयांनी भाषा, मानसशास्त्र व संगणक विभागांचे संयुक्त प्रकल्प हाती घ्यावेत. शहाड, कल्याण व उल्हासनगर येथील ज्येष्ठ नागरिक, कामगार आणि विद्यार्थी मोबाईलवर आपली भाषा कशी लिहितात, कोठे अडतात आणि अडल्यावर कोणत्या लिपीकडे वळतात, याच्या नोंदी ठेवण्यासाठी महागड्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. मराठी वा सिंधी भाषक रोमन लिपीकडे वळतो तेव्हा तो दोष त्याच्या भाषानिष्ठेचा आहे की कळफलकाच्या रचनेचा, याचा निर्णय अशा नोंदींखेरीज देता येणार नाही. त्या ठेवण्याचे काम या परिसरातील अध्यापकांनाच सर्वाधिक सुलभ आहे.