सायकल, कालवा आणि खाडी : संथ प्रवासाचा इतिहास

नेदरलँड्स किंवा फ्रान्समध्ये सुट्टी घालवण्याचा एक प्रकार लोकप्रिय आहे. प्रवासी रात्री एका रुंद, सपाट तळाच्या बोटीवर झोपतात. सकाळी न्याहारी करून सायकली खाली उतरवतात आणि पाण्याच्या काठाने तीस-चाळीस किलोमीटर रमतगमत जातात. बोटही त्याच दिशेने हळूहळू येत असते. संध्याकाळी पुढच्या गावाच्या धक्क्यावर दोघांची गाठ पडते. सामान बोटीवर राहते, घाई कोणालाच नसते.

या टिपणात आपण या सुट्टीची जाहिरात करणार नाही. आपला प्रश्न इतिहासाचा आहे. पाण्याला लागून इतकी लांब, सपाट वाट तिथे आली कुठून? आपल्याकडे तशी वाट का नाही? आणि सायकल व बोट यांची जोडी आपल्याकडे कुठे जमते?

मी बंगळुरूमध्ये शिकवतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दोन खोऱ्यांमधल्या उंचवट्यावर वसले आहे. पश्चिमेकडचे पाणी अर्कावतीतून कावेरीला जाते, पूर्वेकडचे दक्षिण पिनाकिनीला. बोट चालेल अशी नदी इथे नाही. म्हणून इथले विद्यार्थी सायकली घेऊन नंदी टेकड्यांवर चढतात आणि बोटीसाठी रात्रीची गाडी पकडून केरळात जातात. तिथली ‘केट्टुवळ्ळम’ ही मुळात भात वाहून नेणारी, काथ्याने शिवलेल्या फळ्यांची मालवाहू होडी होती. ट्रक आल्यावर तिचे काम गेले आणि पुढे तिच्यात पर्यटकांसाठी खोल्या झाल्या. कामाचे साधन निकामी होते आणि मग सुट्टीचे होते, हा क्रम लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा भेटेल.

१. घोडा, दोर आणि काठावरची वाट

बोट पाण्यातून जाते तेव्हा पाणी तिला विरोध करते. हा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर लागणारे बल चौपट होते आणि शक्ती आठपट. याची उलट बाजू अशी की वेग अगदी कमी ठेवला तर फार थोड्या बलाने फार मोठे वजन हलते. रस्त्यावर एक-दोन टनांची गाडी ओढणारा घोडा कालव्याच्या काठाने चालत तीस टनांच्या आसपासची बोट ओढू शकतो. म्हणजे संथपणा ही कालव्याची उणीव नव्हती. त्याचे सगळे अर्थशास्त्रच संथपणावर उभे होते.

घोड्याला चालायला वाट हवी. ती पाण्याला अगदी लागून हवी, सलग हवी आणि सपाट हवी. कालव्यातले पाणी सपाटच असते. उंचीतला सगळा फरक लॉकमध्ये, म्हणजे दोन दरवाज्यांमधल्या हौदात, एकाच ठिकाणी गोळा केलेला असतो. त्यामुळे काठाची वाटही मैलोन् मैल चढ-उताराविना जाते.

नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम हा असा कालवा १६३२ मध्ये खुला झाला. घोड्याने ओढलेल्या प्रवासी बोटी त्यावर ठरलेल्या वेळी सुटत आणि ताशी सहा-सात किलोमीटर वेगाने जात. फ्रान्समध्ये पिएर-पॉल रिके याच्या पुढाकाराने १६६६ मध्ये ‘कॅनाल दु मिदी’ सुरू झाला आणि १६८१ मध्ये पुरा झाला. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या सरोवरापर्यंत त्याची लांबी सुमारे २४० किलोमीटर आहे.

२. कामाची वाट सुट्टीची झाली

१८३९ मध्ये नेदरलँड्सची पहिली रेल्वे धावली, तीही अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम याच मार्गावर. योगायोग नाही. जिथे प्रवासी आधीच होते तिथेच रेल्वेने रूळ टाकले. पुढच्या शतकभरात कालव्यांवरचे प्रवासी गेले आणि मग हळूहळू मालही गेला. घोड्याची जागा इंजिनाने घेतली, तेव्हा काठावरची वाट रिकामी पडली.

ती सायकलस्वारांच्या वाट्याला येण्यासाठी आणखी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली तांत्रिक. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. घोड्यासाठी सपाट केलेली वाट सायकललाही तितकीच सोयीची ठरली, कारण दोन्हींमध्ये ओढणारा जीवच असतो आणि चढ त्याला नको असतो.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची. सुट्टी ही मोकळ्या वेळेची गोष्ट आहे आणि मोकळा वेळ बहुतेकांकडे नव्हता. फ्रान्समध्ये १९३६ च्या मोठ्या संपांनंतर कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. त्या उन्हाळ्यात सायकली घेऊन शहराबाहेर पडलेली कामगार कुटुंबे हे त्या काळाचे ओळखीचे चित्र आहे. भारतात पगारी वार्षिक रजेची पक्की तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात दिसते. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस. पण हा कायदा कारखान्यांपुरता होता. शेतमजूर, खलाशी, घरकामगार त्याच्या बाहेरच राहिले.

इंग्लंडमध्ये १९४६ मध्ये मोडकळीला आलेले कालवे वाचवण्यासाठी नागरिकांची संघटना उभी राहिली. कॅनाल दु मिदी १९९६ मध्ये जागतिक वारसा ठरला. आज आपण पाहतो ती बोट-सायकलची सुट्टी या सगळ्याच्या शेवटी येते.

३. भारतात कालवे होते, मग?

होते. गंगा कालवा १८५४ मध्ये खुला झाला आणि त्याच्या कामासाठी माणसे तयार करायला रुडकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आर्थर कॉटनने बांधलेल्या कालव्यांत बोटीही चालत. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील, हे तो आग्रहाने मांडत राहिला. त्याचा आग्रह सरकारने मानला नाही. पैसा प्रामुख्याने रेल्वेकडे गेला आणि बहुतेक कालव्यांचे मुख्य काम सिंचनच राहिले.

पूर्व किनाऱ्यावरचा बकिंगहॅम कालवा मात्र वाहतुकीचाच होता. १८०६ मध्ये मद्रासच्या उत्तरेला सुरू झालेले हे काम टप्प्याटप्प्याने वाढत गेले. त्यातला मद्रासजवळचा एक महत्त्वाचा तुकडा १८७७-७८ मध्ये दुष्काळी काम म्हणून खणला गेला. म्हैसूर संस्थान, दख्खन आणि मद्रास इलाख्यात माणसे उपाशी मरत होती तो हा काळ. दुष्काळी कामावर मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी रोकड, इतकी मजुरी खाली आणण्याचा प्रयोगही याच काळात झाला. आपल्याकडच्या कालव्याच्या काठावर घोडा अपवादानेच होता. बांबूने रेटणारी, शिडावर चालवणारी आणि दोर खांद्यावर घेऊन ओढणारी माणसे होती. हा इतिहास माहीत असला की ‘रम्य जलप्रवास’ हे शब्द जरा जपून वापरावेसे वाटतात.

४. कोकण : भरती हेच इंजिन

आता मराठी मुलुखाकडे येऊ. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या लहान आणि तीव्र उताराच्या आहेत, पण त्यांच्या मुखाशी समुद्राचे पाणी दूरवर आत शिरते. याच आपल्या खाड्या. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आणि आत महाड, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि आत चिपळूणचे गोवळकोट, शास्त्रीच्या मुखाशी जयगड आणि आत संगमेश्वर. नकाशा उघडून या जोड्या पाहा. प्रत्येक जोडीत एक समुद्रावरचे बंदर आणि एक घाटाच्या पायथ्याकडचा बाजार आहे. मीठ, सुकी मासळी, नारळ खाडीतून वर जात आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढत. देशावरचे धान्य, गूळ उलट वाटेने खाली येई. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते.

इथे होडी ओढायला काठावर घोडा लागत नव्हता. भरतीबरोबर आत जायचे, ओहोटीबरोबर बाहेर यायचे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणून कोकणात एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. पन्नास मिनिटांचा तो रोजचा उशीर घडीचे वेळापत्रक नसलेल्या तांडेलाने तिथीत असा बसवला होता.

याचा एक परिणाम आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. ओढायला कोणी नको म्हणून काठाने वाटही नको. खाडीच्या दोन्ही कडांना चिखल आणि कांदळवन राहिले. युरोपात वाट पाण्याच्या बरोबरीने जाते. कोकणात वाट किनाऱ्याने येते आणि पाणी तिला आडवे येते. म्हणून इथे बोट सोबत चालत नाही, ती पलीकडे उतरवते. तिचे नाव ‘तर’.

तर ही सरकारच्या दृष्टीने उत्पन्नाचीही बाब होती. मुंबई इलाख्यात १८६८ मध्ये तरींसाठी कायदा झाला, दर ठरले आणि मक्ते दिले गेले. पुढे मुंबईहून कोकणच्या बंदरांना आगबोटी लागल्या. खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या आगबोटीतून माणसे पडावात उतरत आणि मग किनारा गाठत. पावसाळ्यात लांब पल्ल्याची ही वाहतूक बंद पडे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या किती घरांनी ती आठवण जपली आहे! बोटीचा प्रवास तेव्हा मौजेचा नव्हता. दुसरा मार्ग नव्हता म्हणून तो होता.

५. आजची सायकल आणि आजची तर

मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे (संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला) या दोन्हींनी खाड्यांना आतल्या बाजूने, अरुंद जागी ओलांडले. किनारा बाजूला पडला. किनाऱ्याने जाणाऱ्याला आजही पाणी आडवे येते. अलिबागहून मुरुड, आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी. तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, पुन्हा बोट, पलीकडे वेसवी. केळशी, आंजर्ले, हर्णे करत दाभोळ, बोटीने धोपावे. मग गुहागर, हेदवी, तवसाळ, बोटीने जयगड आणि पुढे गणपतीपुळे. दाभोळ-धोपावे मार्गावर वाहने नेणारी बोट २००३ मध्ये सुरू झाली. लोक तिला फेरीबोट म्हणतात, तशी ‘जंगलजेट्टी’ही म्हणतात. या वाटेने हिवाळ्यात सायकलस्वार जातात. सायकल आणि बोट यांची जोडी मराठी मुलुखात जमते ती इथे. फरक एवढाच की इथला रस्ता सपाट नाही. प्रत्येक खाडीला उतार आहे आणि पलीकडे लगेच चढ आहे.

आता कळीचा प्रश्न. दाभोळहून धोपाव्याला बोटीने काही मिनिटे लागतात. तेच रस्त्याने, खेड-चिपळूणला वळसा घालून, शंभर किलोमीटरहून अधिक पडते. सायकलवरून आलेल्या पाहुण्याला बोटीसाठी अर्धा तास थांबणे आवडते. त्याची रजा मंजूर झालेली असते. पण शेवटची फेरी सुटून गेल्यावर दवाखान्यात न्यायचा रुग्ण असेल, तर तोच अर्धा तास, तोच वळसा वेगळा होतो. म्हणून पुलांची मागणी जुनी आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अंतुले यांच्या काळापासूनची. बाणकोट खाडीवरच्या पुलाचे काम अनेक वर्षे अर्धवट राहिले. आता या मार्गावरच्या मोठ्या खाडीपुलांची कामे पुन्हा हाती घेतली जात आहेत. आंजर्ल्याला कधीकाळी होडीच होती, आज पूल आहे आणि होडी परत आणा असे तिथे कोणी म्हणणार नाही.

दुसरीकडे, २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या १११ जलमार्गांच्या यादीत सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री यांच्या खाड्याही आहेत. पूल झाल्यावर तरी बंद होतील. युरोपचा अनुभव सांगतो की काम संपले म्हणजे साधन संपतेच असे नाही, पण ते आपोआपही टिकत नाही. तिथे संघटना उभ्या राहिल्या, कायदे झाले, खर्च झाला. आपल्याकडे हा निर्णय घेताना तांडेल, खलाशी आणि खाडीकाठच्या गावांना आधी विचारले पाहिजे. संथपणा निवडता येतो तेव्हा ती सुट्टी असते. निवडता येत नाही तेव्हा ती गैरसोय असते. पूल आधी हवा, तो याचसाठी. मग तर ठेवायची की नाही, हे गावाला मोकळेपणाने ठरवता येईल.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या जिल्ह्यात काम थांबलेला कालवा, घाटरस्ता किंवा रेल्वेमार्ग आहे का? त्याचे काम कोणी हिरावले आणि आज ती जागा कोण वापरते?

२. एकादशीला भरती साधारण किती वाजता येईल? पाऊणपटीच्या नियमाने काढा आणि भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहा.

३. ताशी चार किलोमीटर वेगाने बोट ओढायला जितकी शक्ती लागते, त्याच्या किती पट शक्ती ताशी आठ किलोमीटरला लागेल? यावरून रेल्वेपुढे कालवे का हरले ते चार ओळींत लिहा.

४. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा: तुम्ही तरीने किंवा आगबोटीने कधी गेलात का? कशासाठी? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. इतिहासाचे साधन असेच तयार होते.